गाडी थरथरत होती, मोटर ठणठणीत होती

जुलैचा दुसरा आठवडा होता, पावसाची झड लागलेली. टुरिस्टचा धंदा करणारे एक मामा त्यांची इलेक्ट्रिक गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडपुढं येऊन थांबले आणि काच खाली करूनच म्हणाले, "भावा, मोटर गेलीया म्हणत्यात. तू मोटरवाल्याचा पोरगा हाईस, तूच बघून सांग."

आबांनी याच शेडमध्ये पस्तीस वर्षं शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. मी आयटीआय केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन इलेक्ट्रिक गाड्यांचं काम सुरू केलं. शेडच्या एका बाजूला अजून आबांचं वाइंडिंगचं टेबल आहे, दुसऱ्या बाजूला माझी लिफ्ट आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. मामांच्या गाडीच्या कामाला पुढं दोन्ही बाजू लागल्या, म्हणून हे आधी सांगितलं.

गाडी २०२० ची, वॉरंटी संपलेली, बॅटरी ३२० व्होल्टच्या आसपास. तक्रार मामांनी इतकी नीट सांगितली की निम्मं काम तिथंच झालं होतं, ते मला नंतर कळलं. गर्दीत गाडी रांगत चालली की थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पन्हाळी पत्रा अंथरलाय. तीस-चाळीसच्या वर गेली की काही जाणवत नाही. सकाळी गाडी गार असताना अगदी गुणी. अर्धा तास चालवली की डॅशबोर्डवर कासव येतं (गाडीनं ताकद कमी केल्याची खूण), पिकअप मरतो आणि जोतिबाच्या चढाला गाडी माणसाच्या चालीनं चढते. बाजूला घेऊन बंद केली आणि परत चालू केली की पाच-दहा मिनिटं पुन्हा बरी.

"बंद करून चालू केली की बरी होते" हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी लागला नाही.

याआधी एका ठिकाणी त्यांना मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी मोटरसाठी तीन फेजच्या एसीत बदलणारी पेटी) दोन्ही बदलायचं कोटेशन मिळालं होतं. आकडा गाडीच्या आताच्या किमतीच्या निम्म्याला भिडत होता. मामांचं घर या गाडीवर चालतं. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी अशा फेऱ्यांवर हप्ता जातो. तो कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला होता. दाखवताना हात कापत होता.

स्कॅनर लावला. दोन कोड निघाले. एक पी०बीईए, म्हणजे ड्राइव्ह मोटरच्या व्ही फेजचा, करंटच्या तीन वाटांपैकी एकीचा, करंट सेन्सर सर्किट, माप पट्ट्यात बसत नाही. दुसरा पी०बीएफडी, म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही फेजच्या सेन्सरांचं माप एकमेकांशी जुळत नाही. कोड पडला त्या क्षणाची नोंदही होती: वेग ताशी ७ किलोमीटर, इन्व्हर्टरचं तापमान ६१ अंश.

दोन्ही कोडच्या नावात सेन्सर आहे आणि सर्किट आहे. मोटर खराब आहे असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. तरीही मी आधी मोटरच तपासली. घरातल्या कामाची सवय म्हणा, पण एवढ्या मोठ्या कोटेशननंतर मामांना "मोटर चांगली आहे" हे मोजून सांगणं मला गरजेचंच वाटलं.

उच्च व्होल्टेजच्या गाडीवर हात घालायच्या आधीचं काम मी कधी उरकत नाही. गाडी बंद, किल्ली लांब, बारा व्होल्टची बॅटरी सोडवलेली, मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढून माझ्याच खिशात. मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरलेले असतात. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि त्यावर चामड्याचे. घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून बघायची, कुठं भोक नाही ना. मीटर आधी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून चालतोय याची खात्री करायची, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर शून्य बघायचं, मग परत बारा व्होल्टवर. मधल्या शून्यावर विश्वास ठेवायचा तर मीटर आधी आणि नंतर जिवंत असल्याचं दिसलं पाहिजे. शेडमध्ये शिकायला येणारी पोरं या दहा मिनिटांत चुळबुळ करतात. मी त्यांना तिथून हलू देत नाही.

मोटरच्या तिन्ही केबली इन्व्हर्टरपासून सोडवल्या आणि मगच मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावला. केबल जोडलेली असताना मेगर मारला तर ५०० व्होल्ट थेट इन्व्हर्टरच्या पोटात जातात. बॉडीशी इन्सुलेशन ५०० मेगओहमच्या वर. वाइंडिंगचा रोध साध्या मल्टिमीटरवर कळत नाही, तो काही मिलिओहमच असतो. त्याला चार वायरींचा मिलिओहम मीटर लागतो आणि आबांमुळे तो आमच्याकडं आहे. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू तिन्ही माप एका टक्क्याच्या आत सारखी. रोटरची जागा सांगणाऱ्या रिझॉल्व्हरच्या तिन्ही कॉइलही पुस्तकातल्या मापात बसल्या. मोटरमध्ये काही नव्हतं. मामांना तसा फोन केला. पलीकडं बराच वेळ शांतता होती, मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

पुढचं समजायला करंट सेन्सर काय करतो ते थोडं सांगावं लागेल.

इन्व्हर्टरमधून मोटरकडं तांब्याच्या तीन जाड पट्ट्या जातात. प्रत्येक पट्टी एका चौकोनी चुंबकीय कड्यातून जाते. कड्याला बारीक फट असते आणि फटीत हॉल आयसी बसवलेली असते. पट्टीतून करंट वाहिला की कड्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आयसी त्याच्या प्रमाणात व्होल्टेज देते. एडविन हॉलला १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खात जो परिणाम दिसला, तोच इथं कामाला लावलाय. सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात. करंट शून्य असला की तो बरोबर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट देतो. करंट एका दिशेनं वाढला की वर, उलट दिशेनं वाढला की खाली. या गाडीच्या सेन्सरचं माप होतं दर अँपिअरला ४ मिलिव्होल्ट.

कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा ही मापं वाचतो आणि त्यावरून ठरवतो की पुढच्या क्षणी कुठल्या फेजला किती ढकलायचं. त्याला मोटर दिसत नाही, फक्त हे तीन आकडे दिसतात. आकडा खोटा आला तर तो खोट्यावरच प्रामाणिकपणे काम करत राहतो.

तो किती खोटा आहे हे बघायला दुसऱ्या दिवशी मामांना गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी स्कॅनर घेऊन बसलो. दसरा चौक, सीपीआर दवाखाना, परत उद्यमनगर, मग रंकाळ्याला वळसा. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्यच यायला हवी. पहिली वीस मिनिटं ती शून्याच्या एक-दोन अँपिअर इकडंतिकडं. इन्व्हर्टर पंचावन्न अंशाच्या पुढं गेला आणि बेरीज घसरायला लागली. उणे चार, उणे नऊ, उणे पंधरा. मामांच्या हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं ते याच वेळी. "हे बघ, हे बघ," ते म्हणाले, "हेच हुतंय."

शेडमध्ये आल्यावर मी आकडे कागदावर मांडत बसलो होतो. उणे पंधरा म्हणजे दोन शक्यता. एक तर पंधरा अँपिअर खरोखर कुठंतरी बॉडीत गळतायत, नाहीतर सेन्सर खोटं सांगतोय. मेगर म्हणतोय गळती नाही, पण मेगर मारला तेव्हा मोटर गार होती. गरम झाल्यावर इन्सुलेशन सुटणाऱ्या मोटरी आबांच्या टेबलावर मी लहानपणापासून बघितल्यात.

आबा खुर्चीतून बघत होते. कोड आणि स्कॅनर त्यांना कळत नाही, पण तीन फेज त्यांना माझ्याहून जास्त कळतात. म्हणाले, "तिन्ही वायरी एकदम टाँगटेस्टरात घालून बघितलंस का?"

टाँगटेस्टर म्हणजे वायर जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर. पंपाच्या मोटरीचा करंट जमिनीत उतरतोय का हे बघायची त्यांची ही जुनी रीत. एकेक फेज धरला की त्याचा करंट दिसतो. तिन्ही एकदम जबड्यात घेतले की शून्यच दिसलं पाहिजे, कारण एकातून गेलेला करंट बाकी दोघांतून परत येतो. "जाईल कुठं त्यो? गेला तेवढा परत आलाच पायजे. न्हाई आला तर गळतोय."

या गाडीत मोटर आणि इन्व्हर्टर वेगवेगळे आहेत, मध्ये तीन नारिंगी केबली उघड्या दिसतात, म्हणून हे जमलं. दोन्ही एकाच पेटीत असतात त्या गाड्यांत जमणार नाही. गाडी परत गरम करून आणली, लिफ्टवर घेतली, हातमोजे चढवले, एका पोराला आत बसवून ब्रेक हलका धरायला सांगितला आणि चाकं सावकाश फिरवली. डीसी मोजणारा टाँगटेस्टर आधी शून्यावर आणला. ते बटण विसरून चालत नाही, कारण डीसी टाँगटेस्टरच्या जबड्यातही हॉल सेन्सरच असतो आणि तोही सरकतो. तिन्ही केबली जबड्यात कशाबशा बसल्या.

शून्य पूर्णांक दोन. स्कॅनरवर त्याच वेळी बेरीज उणे पंधरा.

आबांना आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी नुसती मान हलवली. गळती नाही, माप खोटं. मग एकेक केबल धरली तेव्हा दिसलेली गोष्ट मला अजून आठवते. व्ही फेजमध्ये अधिक बाजूला नऊ-दहा अँपिअरचा स्थिर करंट खरोखर वाहत होता आणि यू, डब्ल्यूमध्ये त्याच्या निम्मा-निम्मा उलट बाजूला. सेन्सर सांगत होता की व्ही खाली पडलाय. कंट्रोलर त्याला वर उचलायला जास्तीचा करंट ढकलत होता आणि मोटरला नको असलेला डीसी मिळत होता. खोट्या मापानं खरा करंट वाहवला होता आणि गाडी खरोखर थरथरत होती.

थरथर रांगतानाच का, याचंही उत्तर इथंच मिळतं. एका फेजच्या मापात असा स्थिर फरक आला की मोटरच्या दर विद्युत फेऱ्याला एक झटका बसतो. या मोटरला चार पोलजोड्या आहेत आणि गिअर नऊच्या आसपास. हिशोब केला तर ताशी २ किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा झटके येतात आणि ते बुडाखाली कळतात. ताशी ६० ला तेच झटके सेकंदाला तीनशेच्या वर जातात. एवढ्या वेगानं गाडीचं वजन हलत नाही, फार तर गुणगुण ऐकू येते. सेन्सरचा शून्य बरोबर असून त्याची वाढ कमी-जास्त असती, म्हणजे १०० च्या जागी ९० दाखवत असता, तर एका फेऱ्यात एक नव्हे, दोन झटके आले असते आणि गाडी उभी असताना आकडा शून्यच दिसला असता. आमच्या गाडीत उभ्या गाडीला, न्यूट्रलमध्ये, मोटरला काहीच जात नसतानाही व्ही उणे पंधरा दाखवत होता. म्हणजे सरकला होता तो शून्य.

इथं मी घाई केली. तिसऱ्या दिवशी सेन्सरच खराब असं धरून इन्व्हर्टरचं झाकण उघडलं. उघडताना एक बारीक आंबूस वास आला, ताकाच्या भांड्यासारखा, आणि लगेच गेला. झाकणाच्या कडेला पांढऱ्या सिलिकॉनची ओबडधोबड ओळ होती, आतल्या बाजूला ओघळलेली. मूळ गास्केट नव्हतंच. मामांना विचारलं तर म्हणाले, दीड महिन्यामागं एकाकडं कूलंट कमी होतंय म्हणून दाखवली होती, त्यानं आत पाणी शिरलंय का बघायला उघडली असणार. मी ते ऐकून घेतलं आणि कामाला लागलो.

व्ही फेजचा सेन्सर बाहेर काढला. टेबलावर बेंच सप्लायनं ५ व्होल्ट दिले. मीटर: २.५००. हीट गन लांब धरून हळूहळू गरम केला आणि तापमान मोजणारं थर्मोकपल चिकटवून सत्तर अंशापर्यंत नेला. आकडा २.४९८ वर गेला, तिथंच राहिला. परत गार, परत गरम. दोन मिलिव्होल्ट म्हणजे अर्धा अँपिअर. सेन्सर चांगला होता.

टेबलावर बराच वेळ त्या काळ्या चौकोनी तुकड्याकडं बघत बसलो. नवीन सेन्सर मागवलेला नव्हता हे नशीब. मागवून बसवला असता तर पुढं जे झालं ते बघून मी ठामपणे म्हटलं असतं की जुना सेन्सर गेला होता.

झालं असं की तोच जुना सेन्सर परत बसवला, कनेक्टर दाबून लावला, पट्टीचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले, तात्पुरतं झाकण लावलं आणि गाडी फिरवून बघितली. थरथर नाही. इन्व्हर्टर ६३ अंश, बेरीज शून्य. मामा खूश. मी खूश नव्हतो. काहीही न बदलता बरी झालेली गाडी परत येते. त्यांना सांगितलं, दोन दिवस गावातच चालवा, भाडं घेऊन लांब जाऊ नका. दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला. "कासव आलं रे."

त्या रात्री वहीतलं पहिलं वाक्य परत वाचलं. बंद करून चालू केली की बरी होते. गाडी चालू होताना, मोटरला करंट जायच्या आधी, कंट्रोलर प्रत्येक सेन्सरचं त्या क्षणाचं व्होल्टेज वाचतो आणि तेच शून्य धरतो. थोडासा फरक असला तर तो पोटात घालतो. सकाळी गार गाडीत व्ही २.५० वर असतो, तो शून्य. गरम झाल्यावर व्ही २.४४ वर येतो, ६० मिलिव्होल्ट खाली, म्हणजे उणे पंधरा अँपिअर. गाडी बंद करून लगेच चालू केली की २.४४ हाच नवा शून्य आणि गाडी बरी. ती गार व्हायला लागली की फरक उलटा. हे मला पहिल्या दिवशी लक्षात यायला हवं होतं, कारण याचा अर्थ एवढाच होता की काहीतरी हळूहळू, उष्णतेबरोबर सरकतंय. तुटलेलं काही नाही. सेन्सर सरकत नाही हे टेबलावर दिसलंच होतं. मग उरतात त्याला जाणाऱ्या तीन वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल.

पाचव्या दिवशी झाकण परत उघडलं, पण या वेळी काहीही सुटं केलं नाही. सर्व्हिस प्लग बाहेर, उच्च व्होल्टेज शून्य असल्याची तीच खात्री. मग फक्त बारा व्होल्टची बॅटरी जोडून किल्ली चालू केली. झाकणाचं इंटरलॉक (झाकण उघडलं की उच्च व्होल्टेज तोडणारी कळ) सुटलेलं असल्यानं आणि प्लग खिशात असल्यानं मोठा करंट यायचा प्रश्नच नाही, पण कंट्रोलर बारा व्होल्टवर जागा होतो आणि सेन्सरांना ५ व्होल्ट देतो. मला तेवढंच हवं होतं. बारीक सुईचे प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूनं, वायरीच्या रबरी सीलच्या कडेनं आत सरकवले. पिन ओढली जाणार नाही अशा बेतानं.

बोर्डावर ४.९९ व्होल्ट. व्ही सेन्सरच्या पायाशी ४.९८. गार असताना फरक फक्त १० मिलिव्होल्ट.

बायकोचा हेअर ड्रायर घरून आणला होता. हीट गननं इथं प्लास्टिक वितळलं असतं. ड्रायर सेन्सरवर धरला, मीटरवर काही नाही. कनेक्टरवर आणला. पहिलं मिनिटभर काही नाही. मग शेवटचा आकडा हलायला लागला. ४.९७, ४.९५, ४.९२. मी श्वास रोखून बघत होतो. ४.८७ वर थांबला. पोरानं स्कॅनरवरून वाचलं, "व्ही उणे पंधरा." ड्रायर बंद केला, कनेक्टरला चिमटीत धरून केसभर हलवलं, आकडा एकदम ४.९६ वर उडाला आणि परत पडला.

हिशोब करून बघितला तर तंतोतंत बसला. सेन्सर साधारण १५ मिलिअँपिअर घेतो. पिनच्या जोडात आठ ओहमचा रोध आला तर तिथं १२० मिलिव्होल्ट खर्च होतात. सेन्सरला ५ ऐवजी ४.८८ व्होल्ट मिळतात. तो मिळालेल्याच्या निम्मं शून्य धरतो, म्हणजे २.४४. कंट्रोलर मात्र अजून २.५० च्या हिशोबात असतो. फरक ६० मिलिव्होल्ट, भागिले ४, पंधरा अँपिअर. ३२० व्होल्टच्या गाडीत आठ ओहमचा एक जोड गाडीला माणसाच्या चालीवर आणत होता.

पिन कनेक्टरमधून काढून भिंगाखाली धरली. टोकाशी हिरवट बुरशीसारखा थर, तांब्याच्या जुन्या घंगाळावर बसतो तसा. परवा मी कनेक्टर काढून घातला तेव्हा तो थर घासला गेला आणि गाडी एक दिवस बरी चालली. दीड महिन्यात एवढा गंज आला कुठून? मग तो ताकाच्या भांड्याचा वास आठवला.

बाथरूमच्या फटी भरायला दुकानात मिळतं ते स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगर. म्हणून त्याला तो आंबूस वास येतो. टाइलला त्यानं काही होत नाही, पण तांब्याला ते खातं. आणि इथं ते बंद पेटीत, उष्णतेत, पावसाळ्याच्या दमट हवेसकट कोंडलं होतं. व्ही फेजचा कनेक्टर झाकणाच्या कोपऱ्याला सगळ्यात जवळ आणि सिलिकॉनचा ओघळ नेमका त्याच्या वर. यू आणि डब्ल्यूच्या पिना काढून बघितल्या, त्यांच्यावरही फिकट डाग धरायला सुरुवात झाली होती. आणखी दोन महिन्यांनी त्याही सरकल्या असत्या आणि तेव्हा कोण कुठल्या शून्यावर आहे हे शोधणं फार अवघड गेलं असतं. दोन-तीन सेन्सर एकाच बाजूला सरकले तर बेरीज तरी ओरडते. एक वर आणि एक खाली गेला तर बेरीजसुद्धा गप्प बसते.

ज्यानं ते लावलं त्याच्याविषयी राग आला, हे खरं. मूळ गास्केट मागवायला चार दिवस लागतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, हेही मला माहीत आहे. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीवर लावायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, असतं आणि ट्यूबवर तसं छापलेलं असतं. विकत घेताना तेवढं वाचायला अर्धं मिनिट लागतं.

दुरुस्तीचं फार सांगण्यासारखं नाही. त्याच मालिकेच्या कथिलाचा मुलामा असलेल्या नव्या पिना आणि तीन हाउसिंग भोसरीतल्या हार्नेस बनवणाऱ्या एका ओळखीच्याकडून मागवले. तिन्ही कनेक्टर बदलले. पिना योग्य क्रिंपरनं दाबल्या, डाख दिला नाही. कंप असलेल्या जागी डाखाच्या कडेलाच वायर तुटते. सिलिकॉनची सगळी ओळ प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढली, एक कण ठेवला नाही, आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. बोर्डावर कुठं हिरवं दिसतंय का हे टॉर्च लावून तासभर बघितलं. सुदैवानं बोर्डावर वार्निशचा थर होता. गास्केट आलं, झाकणाचे बोल्ट आडवे-तिडवे क्रमानं दोनदा आवळले. ड्रायरची परीक्षा परत घेतली: बोर्डावर ४.९९, सेन्सरपाशी ४.९९, दहा मिनिटांनीही ४.९९.

मग जोतिबा. गावातून केर्लीपर्यंत मुद्दाम रांगत नेली, चढाला पूर्ण दाबली. इन्व्हर्टर ६६ अंशाला पोचला, बेरीज शून्याच्या एक अँपिअरच्या आत. उतरताना रीजनवर सोडली. तेव्हा मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते, म्हणून उतार सोडून चालत नाही. तिथंही ठीक. घाटात धुकं होतं, पुढचं काही दिसत नव्हतं आणि मामा ताशी दहाच्या वेगानं गाडी रांगवत होते. मध्येच त्यांनी रेडिओ बंद केला आणि नुसतं ऐकत राहिले. मीही ऐकत होतो. टायरखालचं पाणी सोडून कसलाच आवाज नव्हता.

पैसे किती म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा पाच दिवसांची मजुरी, पिना, हाउसिंग आणि गास्केट धरून जो आकडा सांगितला तो ऐकून त्यांनी खिशातला तो चार घड्यांचा कागद काढला, दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आबांकडं जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. भरलेल्या प्रत्येक मोटरीची त्यात नोंद: गाव, किती एचपी, तारेचा गेज, किती वेढे, का जळाली. ती वही त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी लिहिलं: टुरिस्ट गाडी, ३२० व्होल्ट, मोटर चांगली, व्ही सेन्सर चांगला, सप्लायच्या पिनला गंज, गरम असताना ८ ओहम, बेरीज उणे १५. कारण, झाकणाला व्हिनेगरचं सिलिकॉन. श्रावणात मामा भाडं सोडून परत जाताना शेडला थांबले तेव्हा गरम गाडीलाच स्कॅनर लावला आणि त्या नोंदीखाली तारीख घालून आणखी एक ओळ लिहिली: ६२ अंश, बेरीज ०.४.